वीतभर आधी

४ जून

प्रिय हवालदार,

काल सकाळी दहाच्या सुमारास आठ टनांचा साचा ठोकळ्यांवर आदळला आणि एक ठोकळा उभा चिरला. कुणाला लागलं नाही. फोरमनने स्वतः टेप लावून पाहिलं आणि सांगितलं, की साचा नेमका जागेवर बसलाय, डावीकडे-उजवीकडे बोटभरही फरक नाही. म्हणजे बाजू चुकली नाही, उंची चुकली. मला वरून वाटत होतं की अजून चांगलं वीत-दीड वीत अंतर आहे, आणि तेवढ्यात धाडकन आवाज. माझी केबिन हादरली. एकोणीस वर्षं हवालदार खाली उभा होता तेव्हा असं एकदाही झालं नाही, हे फोरमन चारचौघांत म्हणाला. तुला बरं वाटावं म्हणून आधी तेच लिहिलं.

तुला निवृत्त होऊन तीन दिवस झाले नाहीत तोवर ही तऱ्हा. तुझ्या जागी तोच आलाय, स्टोअरमधला, ज्याला तू जाण्याआधी आठवडाभर शिकवलंस. जाड भिंगांचा चष्मा, त्यामुळे पहिल्याच दिवशी नाव पडलं : चष्मिस. इशारे द्यायला चष्मेवाला ठेवणं म्हणजे बेल ऐकायला बहिऱ्याला बसवण्यासारखं आहे. (यावरून रागावू नकोस.) मी तीस फूट वर क्रेनच्या काचेच्या डब्यात, तो खाली तुझ्यासारखा, चौकातल्या हवालदारागत हातवारे करत. त्याचा तळवा हलला की मी हळू करायचं, मूठ मिटली की थांबायचं. यात न जमण्यासारखं काय आहे? पण त्याचं 'हळू' येतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

फोन करण्यात अर्थ नाही हे मला कळतं, तुझे कान या कारखान्यातच राहिले. मेसेज तुझ्या लेकीच्या फोनवर जातो आणि आधी तुझा जावई वाचतो. म्हणून हा कागद.

घरी ठीक. तुझी वहिनी म्हणते, निवृत्तीला चार वर्षं आहेत आणि मी आत्तापासूनच म्हातारपणाची तालीम करतोय. परवा चहा ओतताना कपाच्या बाहेर गेला, तर म्हणाली, "चहा माणसांना द्यायचा असतो, टेबलाला पाजायचा नसतो." केबिनच्या शिडीवरून उतरताना पायऱ्या संपल्या असं समजून पाय टाकला आणि गुडघा सोलून घेतला. लक्ष नाही, दुसरं काय. डोक्यात सारखा तो चष्मिस.

तुझा,
घारोबा


१२ जून

घारोबा,

पत्र तीनदा वाचलं. गुडघ्याला काही लावलंस का?

इथे बरं चाललंय. लेकीच्या घरी माझी खोली रस्त्याच्या बाजूला आहे. ट्रक गेला की खिडकीची काच थरथरते, त्यावरून कळतं. बायको आता माझ्याशी हातवाऱ्यांनी बोलते. एकोणीस वर्षं मी तुला इशारे दिले, त्याची फेड चालू आहे. फरक इतकाच की तू ऐकायचास, मी ऐकत नाही.

एक बातमी आहे. सप्टेंबरात नव्या इशारेवाल्यांना शिकवायला कारखान्याने मला चार दिवस बोलावलंय. पत्रात माझ्या नावापुढे 'मार्गदर्शक' असं छापलंय. जावयाने ते फ्रिजवर लावून ठेवलंय. पाणी प्यायला कुणीही आलं की आधी मला वाचतं.

चष्मिसला बोल लावू नकोस. आठवडाभर त्याला जवळून पाहिलंय. त्याचा हात नेमका आहे, जरा जास्तच नेमका. त्याला सांग, 'हळू'चा इशारा वीतभर आधी दे. पुस्तकात लिहिलंय की वजन टेकायला एक वीत उरली की तळवा हलवायचा. त्याने दोन वीत असतानाच हलवावा. का ते विचारू नकोस, नव्या माणसाबरोबर तसं बरं असतं.

आणि एकदा डोळे दाखवून घे. चहाचं आणि शिडीचं वाचलं म्हणून म्हणतो. आपली वयं झाली. शिडी उतरताना एक हात कठड्यावर ठेव.

तुझा,
हवालदार


२१ जून

प्रिय हवालदार,

डोळे? मार्चमध्येच कारखान्याच्या डॉक्टरने तक्ता वाचायला लावला होता. शेवटची ओळ वाचली. तिच्या खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाला, पुरे, पुढच्या माणसाला येऊ द्या. घारोबा हे नाव तूच ठेवलं होतंस ना, तीस फुटांवरून जमिनीवर पडलेला खिळा ओळखला म्हणून? खिळा अजून दिसतो.

वय झालं हे कारण मला सांगू नकोस. माझे थोरले भाऊ शेवटी भिंतीला धरून चालायचे. घरात सगळे म्हणायचे, वय झालं. कुणी पुढे काही विचारलंच नाही. ते तेव्हा सत्तरीला आले होते. मी छप्पन्नचा आहे.

चष्मिसला तुझा निरोप दिला. चार दिवस त्याने वीतभर आधी इशारा दिला आणि काम लोण्यासारखं झालं. मग फोरमनच्या लक्षात आलं. "हे कुठल्या पुस्तकात आहे?" म्हणून त्याने सगळ्यांदेखत विचारलं. काल लेखी सूचना आली : एक वीत म्हणजे एक वीत. चष्मिस माझ्याकडे येऊन म्हणाला, "दादा, मला तुमचं पटतं, पण कागद साहेबांचा आहे." भित्रा आहे रे. तू असतास तर फोरमनला म्हणाला असतास, की मला ऐकू येत नाही.

वीतभर आधी हे तुला का सुचलं, ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारत नाही.

तुझा,
घारोबा


१६ जुलै

घारोबा,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. तू गप्प बसणारा माणूस नाहीस.

लेकीने जुन्या वर्तमानपत्रातल्या दोन ओळी दाखवल्या. 'कारखान्यात वजन उतरवताना अपघात, एक कामगार जखमी.' कारखाना आपलाच आहे. नाव दिलेलं नाही. कोण ते कळव. एका ओळीत कळव, पण लगेच.

हवालदार


२२ जुलै

हवालदार,

गवई. आपला फिटर गवई. उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं. हॉस्पिटलच्या सर्जनने त्याच दुपारी सांगितलं की वाचणार नाहीत, आणि वाचली नाहीत. बुधवार, ८ जुलै.

कसं झालं ते लिहितो. एक ठोकळा तिरका बसला होता, गवई वाकून तो सरळ करत होता. साचा वर असताना खाली हात घालायचा नाही हे त्याला माहीत, तुला माहीत, मला माहीत. आणि सगळे रोज घालतात. चष्मिसचा तळवा हलला. मला वरून दिसत होतं की अजून भरपूर अंतर आहे, गवई हात काढून घेईल, उठेल, पँट झटकेल, इतकं. मी लिव्हर सैल करण्याच्या बेतात होतो. गवई ओरडला नाही म्हणतात. नेहमीसारखा गुणगुणत होता, ते मध्येच थांबलं. मला वर काही ऐकू आलं नाही. चष्मिसला दोन्ही हात हवेत हलवताना पाहिलं तेव्हा कळलं.

चौकशी समिती बसली आहे. माझा जबाब घेतला. 'हळूचा इशारा उशिरा आला', असं त्यांनी लिहिलं आणि मी सही केली. खोटं नाही लिहून दिलं, हवालदार. मला तसंच दिसलं. चष्मिस एकच वाक्य म्हणतो, "मी पुस्तकाप्रमाणे दिला." त्याला घरी बसवलंय. २४ ऑगस्टला शेवटची बैठक आहे. ठपका त्याच्यावर आला तर नोकरी गेली, आणि तो त्याच्यावरच येणार असं दिसतंय. खाली सगळे म्हणतात, चष्म्यातून काय दिसणार. मी काही म्हणत नाही.

गवईला भेटायला गेलो होतो. वॉर्डाच्या दारापर्यंत. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. ती म्हणाली, "या ना, तो आत जागाच आहे." मी म्हटलं, गाडी चुकीच्या जागी लावलीय, हलवून येतो. माझ्याकडे गाडी नाही हे तिला ठाऊक आहे.

घारोबा


२८ जुलै

घारोबा,

इशारा उशिरा आला नाही. मी तिथे नव्हतो तरी सांगतो. चष्मिसने एक वीत उरली असतानाच तळवा हलवला असणार, कारण मी त्याला तेच शिकवलं आणि फोरमनने तेच लिहून दिलं.

आता जे सांगतो ते दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

मोठा प्रेस बदलला तो आठवडा आठवतो? तू नवे साचे उतरवत होतास. एक वीत उरली तेव्हा मी तळवा हलवला आणि तू हळू केलंस ते टेकायला दोन बोटं राहिली तेव्हा. म्हटलं, असेल एखाद्या वेळी. दुसऱ्या दिवशी तेच. माझा इशारा आला की तू बघायला लागायचास, पण लिव्हर सोडायचास ते स्वतःच्या डोळ्याने अंतर मोजून. पहिल्यापासून तसंच. म्हणून तर तू सगळ्यांत चांगला होतास, इशाऱ्यावर नाचणारे ऑपरेटर मी पुष्कळ पाहिलेत. पण आता तो डोळा वीतभर फसत होता. साचा असायचा त्यापेक्षा तुला वर दिसायचा. खात्री करायला मी एकदा कँटीनमध्ये तुझ्याकडे चावी फेकली. तुझी मूठ चावी छातीवर आपटल्यावर मिटली. तू हसलास आणि म्हणालास, नेम शिक.

मग मी वीतभर आधी तळवा हलवायला लागलो, म्हणजे तुझं मोजणंही वीतभर आधी सुरू व्हायचं. दोन वर्षं. तुला कळलं नाही, फोरमनला कळलं नाही. उलट आपल्या जोडीचं कौतुक झालं, भिंतीवर फोटो लागला.

का बोललो नाही? तुला खाली उतरवलं असतं. गेटवर पास तपासायला बसवलं असतं आणि तू तिथे महिन्यात वाळला असतास. हे कारण मी स्वतःला रोज सांगायचो. दुसरं सांगायला लाज वाटते. मला ते आवडायला लागलं होतं. कान गेल्यापासून माझ्याशी बोलायचा लोकांना कंटाळा यायचा, आणि इथे तीस फुटांवरचा माणूस माझ्या तळव्यावर चालला होता, त्याला पत्ताही नव्हता.

चष्मिसला मी काय शिकवलं? पुस्तक. पुस्तकात क्रेन कशी उतरते ते आहे, तू कशी उतरवतोस ते नाही. ते सांगायचं तर तुझं गुपित सांगावं लागलं असतं. म्हटलं, महिनाभरात त्याचा तो सावरून घेईल. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही धीर झाला नाही, नुसतं 'वीतभर आधी' लिहून मोकळा झालो. गवईची बोटं मी त्या शिकवणीच्या आठवड्यातच घालवली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तक्ता वाचायला लावणाऱ्याकडे नाही. त्यांना सांग की अक्षरं दिसतात, अंतर कळत नाही. थोरल्या भावांचंही सांग.

हवालदार


५ ऑगस्ट

श्री. हवालदार यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं.

माझा डोळा दोन वर्षं फसत होता, असं तुम्ही लिहिता. डोळ्याचं माहीत नाही, माणसं ओळखण्यात फसलो हे कळलं. दोन वर्षं मला वाटत होतं की साचे मी उतरवतोय. ते तुम्ही उतरवत होता. वर नुसतं एक बुजगावणं बसलं होतं, लिव्हर धरून. भिंतीवरच्या त्या फोटोत मी छाती काढून उभा आहे. त्या दिवशीही तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही शेजारी उभे राहून हसत होता.

सांगितलं असतंत तर मी भांडलो असतो. शिव्या दिल्या असत्या. महिनाभर तुमचं तोंड पाहिलं नसतं. आणि मग डॉक्टरकडे गेलो असतो. इतकी वर्षं माझा हात ओळखलात, एवढं ओळखता आलं नाही?

आता समितीपुढे जाऊन काय सांगू? मला दिसत नाही? समोरच्या दुकानाची पाटी वाचून हे लिहितोय. खाली मालकाचं नाव आहे, तेही वाचतोय.

यापुढे पत्र पाठवू नये.

आपला,
क्रेन चालक


१२ ऑगस्ट

घारोबा,

पाठवू नये म्हणालास, तरी पाठवतोय. 'तुम्ही' वाचताना पहिल्यांदा वाटलं, पत्र चुकून दुसऱ्याचं आलं. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुझं सगळं बरोबर आहे. उत्तर द्यायला हे पत्र नाही.

समितीला लिहिलेलं एक पत्र मी पाकिटात घालून ठेवलंय. वरच्या पत्रात तुला लिहिलं तेच त्यात आहे. तू सांगितलंस तर ती कबुली होईल, मी सांगितलं तर चहाडी. पण चष्मिसला दोन्हींचा उपयोग सारखाच आहे. वीस तारखेपर्यंत तुझ्याकडून काही कळलं नाही तर मी ते टाकणार. तुला मुदत घालायचा मला अधिकार नाही, तरी घालतोय.

सप्टेंबरचं शिकवणं संपलं, हे मला कळतं. जावयाला म्हटलं, फ्रिजवरचा तो कागद काढ. "का हो बाबा?" असं त्याने विचारलेलं ओठांवरून कळलं. मी ऐकू आलं नाही असं केलं.

हवालदार


१८ ऑगस्ट

पाकीट टाकू नकोस. डॉक्टरकडे जाऊन आलो. मीच सांगणार आहे. सविस्तर लिहितो. लेकीच्या फोनवर मेसेजही केलाय, जावयाने वाचला तरी चालेल.

घारोबा


२२ ऑगस्ट, शनिवार

हवालदार,

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, सुरुवातीचा. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासून सांगितलं, कारण पहिल्या डॉक्टरीणबाईंवर माझा विश्वास बसला नाही.

तुझ्या पत्रामुळे गेलो असं समजू नकोस. सोळा तारखेला चष्मिस घरी आला. दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "भांडायचं असेल तर आत येऊन भांड."

"भांडायला नाही आलो, दादा. एक विचारायचंय."

"विचार."

"मी उशीर केला का?"

मी म्हटलं, "जबाबात काय आहे ते तुला माहीत आहे."

"जबाबातलं माहीत आहे. महिनाभर आरशासमोर उभा राहून तळवा हलवून बघतोय. चष्म्याचा नंबर दोन दुकानांत तपासला, दोघांनी बरोबर आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्याकडे जाणार होतो, तर बायकोने चष्माच लपवून ठेवला. म्हणते, कबूल करून टाक, निदान घरात जेवण तरी जाईल. मला आता माझंच खरं वाटेनासं झालंय. तुम्ही वरून बघत होतात. तुम्ही हो म्हणा, मी सही करून टाकतो."

म्हटलं, आधी पाणी घे. पेला पुढे केला आणि त्याचा हात आला असं समजून सोडला. हात अजून आला नव्हता. पेला खाली पडून फुटला. तो लगेच गुडघ्यांवर बसला, काचा वेचायला लागला आणि म्हणाला, "माझंच चुकलं, दादा."

तुझी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती त्याला म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. उठा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या डॉक्टर. मी बरोबर येणार."

डॉक्टरीणबाईंनी आधी तक्ता वाचायला लावला. शेवटची ओळ वाचली. मी तुझ्या वहिनीकडे बघितलं. मग त्यांनी एक काळसर चष्मा घालायला दिला आणि एक पुस्तक पुढे धरलं. चार गोल होते. म्हणाल्या, यातला एक गोल कागदातून वर आलेला दिसेल, तो दाखवा. मी म्हटलं, सगळे सपाट आहेत. त्यांनी पान उलटलं. तेही सपाट. तुझ्या वहिनीने चष्मा लावला आणि पहिल्याच गोलावर बोट ठेवलं, वर कागदापासून बोट जरा उंचच धरलं, जणू गोलाला लागेल. मी तिच्याकडून चष्मा परत घेऊन पुन्हा पाहिलं, सपाटच.

नंतर एका पांढऱ्या घुमटात डोकं घालून बसवलं. आत कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं, सगळे ठिपके पकडले. कागद बाहेर आला तर उजव्या डोळ्याच्या नकाशावर वरच्या बाजूला काळा पट्टा आणि डाव्याला एका कोपऱ्यात डाग. मी म्हटलं, मला काळं काही दिसत नाही. त्या म्हणाल्या, "काळं दिसतच नाही. जिथलं जातं तिथलं मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो." डोळ्यात दाब वाढतो आणि मागची नस झिजते, असं त्यांनी चित्र काढून दाखवलं. अक्षरं वाचायची मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून तक्त्यावर हे सापडत नाही. पण दोन डोळ्यांची दोन चित्रं जुळवून मेंदू अंतर ठरवतो, आणि एका चित्राचा धागा विरला की ती जुळणी कच्ची होते. कुणाला ते लवकर जाणवतं, कुणाला नाही. चहा, शिडी, चावी, सगळं सांगितलं. थोरल्या भावांचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, बहीण-भाऊ आणखी कोण? धाकट्या बहिणीला त्याच दिवशी पत्र टाकलं.

मी म्हटलं, मोतीबिंदू काढतात तसं काढून टाका. म्हणाल्या, हा काढता येत नाही. रोज एकेक थेंब, आयुष्यभर, म्हणजे आहे तेवढं राहील. थेंब अजून मला जमत नाही. डोळ्यात घालायला जातो आणि गालावर पडतो. तुझी वहिनी घालते.

राग गेला का, असं विचारशील. नाही गेला. मी त्यांना विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "गेलेलं परत आलं नसतं, पण कमी गेलं असतं." हे तुला लिहावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. मग वाटलं, एकमेकांपासून न सांगता ठेवण्याचं आपलं झालं तेवढं पुरे.

सोमवारी दहाला बैठक आहे. मी पहिला जबाब मागे घेणार. दोन कागद देणार : डॉक्टरीणबाईंचा अहवाल आणि तुझं २८ जुलैचं पत्र. तुझं पत्र न देता भागतंय का, ते खूप पाहिलं. नाही भागत. अहवाल बघून फोरमन पहिला प्रश्न विचारणार, मग आधीची दोन वर्षं कशी निभावली? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. त्यामुळे तुझं नाव येणार.

युनियनचा माणूस म्हणतो, चष्मिसला परत घेतील. लेखी यायला आठवडा लागेल. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. समितीत ऐकेल तेव्हा त्याच्याकडे बघायचं धैर्य मला होईल की नाही, माहीत नाही. मला केबिनमध्ये पुन्हा चढू देणार नाहीत. माझी पिशवी आणि वरचा स्वेटर मी कालच खाली आणला, कुणी विचारलं नाही.

गवईलाही बोलावलंय. जखम चिघळली होती, हॉस्पिटलमधून गेल्या सोमवारी घरी आला. तो अजून सगळ्यांना सांगतो की चष्मिसने घात केला, आणि घारोबा नसता तर पूर्ण हात गेला असता. त्याने माझ्यासाठी निरोप पाठवला होता, येऊन जा म्हणून. मी गेलो नाही. समितीच्या खोलीत टेबल एकच आहे, अरुंद. साक्षीदारांना समोरासमोर बसवतात. जबाब मला मोठ्याने वाचून दाखवावा लागेल, तसा नियम आहे.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. तोवर गवईला कळलेलं असेल.

तुझा,
घारोबा